कर्नाळ्याला उतरलेले बाजीराव

“बुलबुल! बुलबुल! उजव्या हाताच्या फांदीवर बुलबुल लागलेला आहे!”

कर्नाळ्याच्या जंगलात, सकाळच्या गारव्यात ही घोषणा झाली आणि उजव्या हाताची फांदी रिकामी झाली. डाव्या हाताचीही झाली. वर सावरीच्या लाल फुलांवर पोपटांचा थवा बसला होता, तो कलकलाट करत डोंगराआड गेला. दुर्बिणी डोळ्यांना लावून उभी असलेली मंडळी हळूहळू मागे वळली. त्यांनी आधी बाजीरावांकडे पाहिलं आणि मग नंदकुमारकडे. हे पाहुणे नंदकुमारने आणले होते, त्यामुळे धरणीने पोटात घेतलं तर बरं असं त्याला झालं.

बाजीराव मात्र खुशीत होते.

“दिसला का समद्यांना?” त्यांनी विचारलं. तेही त्याच आवाजात.

“दिसला होता,” अरुणाबाई म्हणाल्या.

अरुणा पाटणकर वाशीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. थंडी सरून पळस-पांगारे फुलायला लागले की दर रविवारी त्या आठ-दहा हौशी माणसांना घेऊन कर्नाळ्याला यायच्या. कुणी वाशीचं, कुणी नेरूळचं, सगळी नव्या शहरात नव्याने राहायला आलेली. बाईंचा स्वभाव कडक, पण न्यायी. त्यांचा नियम एकच होता, जंगलात शिरल्यावर बोलायचं नाही. सांगायचंच झालं तर शेजाऱ्याच्या कानात सांगायचं. हा नियम त्यांनी फाटकापाशीच सगळ्यांना सांगितला होता. बाजीरावांनी त्यावर “बराबर हाय!” असं इतक्या जोरात म्हटलं होतं की चौकीतला वनरक्षक बाहेर येऊन बघून गेला होता.

आता यात बाजीरावांचा तरी काय दोष? बाजीराव जगदाळे मूळचे खटाव तालुक्यातले. एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले, पुढे वाहतूक नियंत्रक झाले आणि पनवेलच्या स्टँडवरूनच निवृत्त झाले. फलाटावर लागलेली गाडी पुकारायची, हे त्यांचं काम. स्टँडवर कर्णा होता, पण बाजीरावांना तो कधी लागला नाही. “पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, अलिबाऽऽग!” अशी हाक त्यांनी दिली की रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं अर्धा चहा तसाच टाकून पळत यायची. त्यांच्या कारकिर्दीत गाडी लागली आणि प्रवाशाला कळलं नाही, असं एकदाही झालं नाही. याचा त्यांना फार अभिमान होता. गाडी लागली असताना माणूस बाकावर बसून राहिला आणि गाडी निघून गेली, तर ते पाप पुकारणाऱ्याच्या माथी, असं ते म्हणायचे.

पण आयुष्यभर इंजिनांच्या घरघरीशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले होते. साफ गेले नव्हते. समोरच्या माणसाचं बोलणं त्यांना निम्मं कानांनी आणि निम्मं ओठांवरून कळायचं. बारीक आवाज मात्र पार पुसले गेले होते. स्वतःचा आवाज मोठा आहे की लहान, हेही त्यांना कळत नसे. नोकरीत असताना ही गोष्ट कुणाला कळली असती तर फलाटावरून उचलून कुठल्या तरी टेबलाशी बसवलं असतं, या भीतीने त्यांनी ती झाकून ठेवली. गाडी चालू आहे की बंद, हे बघायला ते बॉनेटवर हात ठेवायचे. हाताला थरथर लागली की गाडी चालू. ड्रायव्हर लोकांना वाटायचं, साहेबांचा गाडीवर जीव आहे. निवृत्त झाल्यावर लपवायचं काही कारण उरलं नव्हतं, पण सवय काही सुटली नाही. घरात रखमाबाईंना ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही.

कळंबोलीच्या नव्या कॉलनीत एका खोलीच्या घरात हे जोडपं राहायचं. निवृत्तीनंतर बाजीराव दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचे नंबर वाचत. मोठ्याने वाचत. शेवटी रखमाबाईंनी शेजारच्या नंदकुमारला, म्हणजे तळोज्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्या गरीब पोराला, जिन्यात गाठलं. “ह्यास्नी कुटंतरी ने रं बाबा. ट्रका ऐकून ऐकून माझं डोस्कं फिरायची येळ आलीया.” दर रविवारी कर्नाळ्याला जाणाऱ्या नंदकुमारला नाही म्हणता आलं नाही. भीड भिकेची बहीण, दुसरं काय!

तर त्या पहिल्या रविवारी बुलबुल उडाल्यावर अरुणाबाईंनी एक युक्ती केली. बाजीरावांना गप्प करायला त्यांनी आपली दुर्बीण त्यांच्या हातात दिली आणि एका झाडाकडे बोट केलं. बाजीराव बराच वेळ पानंच बघत राहिले. मग पानांमधून काहीतरी पिवळं सरकलं. तो हळद्या होता. नुकत्या दळलेल्या हळदीचा रंग, डोळ्यांवर काजळाची रेघ आणि लालसर चोच. बाजीराव गप्प झाले. नंदकुमारने आयुष्यात प्रथमच त्यांना गप्प पाहिलं.

“आयला!” बाजीराव म्हणाले, आणि हळद्या गेला.

त्या दिवशी कळंबोलीच्या सबंध इमारतीला कळलं की जगदाळेकाकांनी हळद्या पाहिला. बाजीराव रखमाबाईंना सांगत होते, पण तळमजल्यावरच्या सगुणाबाईंनी सुद्धा खिडकीतून मान काढून “कुठे, कुठे?” म्हणून विचारलं.

“अगं, मी रोज कर्नाळा कर्नाळा म्हनून वरडलो,” बाजीराव म्हणाले. “हजारो मानसं बसवून दिली. पर म्या कंदी तितं उतरलो न्हाई. मला काय म्हाईत, तितं हे आसलं राहतंय!”

ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. सगळा जन्म त्यांनी नंबरप्लेटी, पाट्या आणि माणसांच्या हातातल्या पिशव्या पाहिल्या. एखादी गोष्ट फक्त बघायची म्हणून बघायची असते, हे त्यांना उतारवयात कळलं, आणि कळल्यावर त्यांना राहवेना. नंदकुमारने मग त्यांना स्वर्गीय नर्तकाबद्दल सांगितलं. नर असतो पांढराशुभ्र, डोकं काळं चकचकीत, त्यावर तुरा, आणि शेपटीला हातभर लांब दोन पांढऱ्या फिती. उडाला की फिती मागून लहरत जातात. थंडीच्या दिवसांत तो कर्नाळ्याला असतो आणि उन्हं तापली की निघून जातो. बाजीरावांना आधी वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. मग त्यांनी त्याचा ध्यासच घेतला. जिन्यात भेटले तरी विचारायचे, “गेला न्हाई न्हवं आजून?”

दुसऱ्या रविवारी रखमाबाईंनी नवऱ्याच्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा दिला. तोंडात खडा असला की माणूस बोलणार कसा? युक्ती चांगली होती. बाजीराव फाटकापासून ओढ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अरुणाबाईंनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग एका वळणावर सगळे एकदम थांबले. बाईंनी हात वर केला. बाजीराव सर्वांत मागे. पुढे काय आहे ते त्यांना दिसेना. नंदकुमारने वळून नुसते ओठ हलवून सांगितलं, नर्तक! बाजीरावांच्या अंगावर काटा आला आणि त्या भरात त्यांनी दात आवळले.

खडीसाखर फुटली. सुतळी बॉम्ब नसला तरी लवंगी फटाका नक्कीच म्हणता आला असता. सगळी मंडळी दचकली. ती का दचकली हे बाजीरावांना कळेना, म्हणून त्यांनी विचारलं, “काय झालं वो?”

पानांतून काहीतरी पांढरं वर गेलं, एवढंच त्यांना दिसलं.

परत निघताना अरुणाबाई फाटकापाशी त्यांच्याजवळ आल्या. “काका, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “तुमची हौस मला दिसते. पण ही सगळी माणसं पहाटे उठून लांबून येतात. आठवड्यात एवढीच सकाळ त्यांना मिळते. तुम्ही पुढच्या रविवारी या. मात्र परत आवाज झाला, तर त्यानंतर येऊ नका.”

“बराबर हाय,” बाजीराव म्हणाले. या वेळी वनरक्षक बाहेर आला नाही.

परतीच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा होता. “काय साहेब, आज हाक नाय?” त्याने विचारलं. बाजीराव खिडकीबाहेर बघत बसले. पळस्प्यापर्यंत ते काही बोलले नाहीत, पनवेलपर्यंतही नाहीत. नंदकुमारला त्यांच्या ओरडण्यापेक्षा हे जास्त जड गेलं.

त्या संध्याकाळी रखमाबाई तांदूळ निवडत होत्या. बाजीराव त्यांच्यासमोर भिंतीला टेकून बसले.

“मला जायचंच न्हाई आता,” ते म्हणाले.

“का बरं?”

“माझ्यानं गप ऱ्हावत न्हाई. आन् हळू बोलायला गेलो तर हळू झालं का न्हाई, त्ये मला कळत न्हाई. कुनाला सांगू?”

रखमाबाईंनी सूप खाली ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून या माणसाचा आवाज त्या ऐकत होत्या. सासरच्या घरात, चाळीत, इथे, यांचं कुठलंच बोलणं कधी चार भिंतींत राहिलं नव्हतं. भाजीला मीठ कमी पडलं तरी गल्लीला कळायचं. पण नवऱ्याचा चेहरा असा पडलेला त्यांनी पाहिला नव्हता.

“गाडी चालू का बंद, तुमी कसं वळखायचा?” त्यांनी विचारलं.

“बॉनेटीवर हात ठिवून.”

“मग ठिवा की.”

“कशावर?”

“गळ्यावर ठिवा. आन् बोला.”

बाजीरावांनी घशावर तळवा ठेवला आणि म्हटलं, “रखमे.” हाताला चांगली थरथर लागली. सगुणाबाईंच्या खिडकीचं दार खाली वाजलं.

“ह्ये इंजान चालू,” रखमाबाई म्हणाल्या. “आता इंजान बंद करायचं. घाटात उताराला ड्रायवर इंजान बंद करून गाडी सोडत्यात न्हवं, तसं. नुस्ता वारा सोडा.”

बाजीरावांनी नुसता वारा सोडला. त्यात शब्द नव्हता. मग शब्द आला, पण थरथरही आली. मग परत वारा. कळंबोलीत दिवे लागले, तांदूळ तसेच राहिले, आणि दोघं समोरासमोर बसून राहिली. बाजीरावांचा तळवा घशावर आणि डोळे रखमाबाईंच्या चेहऱ्यावर. ऐकू आलं की त्या बोट वर करायच्या, फार ऐकू आलं की कान झाकून घ्यायच्या. असं ते दुसऱ्या दिवशी चाललं आणि तिसऱ्याही दिवशी. नंदकुमारच्या घरात सगळे बुचकळ्यात पडले. शेजारून आवाज येईना, म्हणजे काकांना बरं नाही की काय?

गुरुवारी कधीतरी बाजीरावांच्या हाताला काहीच लागलं नाही, आणि समोर रखमाबाईंचं बोट मात्र वर गेलं.

ते पुन्हा म्हणाले, “रखमे.”

रखमाबाईंनी पदर सावरला आणि त्या उगाचच शेगडीकडे बघू लागल्या. इतकी वर्षं संसार झाला, लेकी नांदायला गेल्या, पण त्यांचं नाव या माणसाने कधी फक्त त्यांना ऐकू जाईल असं घेतलं नव्हतं.

“आता कशापायी शिकला?” त्या म्हणाल्या. “तरनेपनी शिकायचं व्हतं.”

बाजीराव इतक्या मोठ्याने हसले की सबंध इमारतीचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या रविवारी बाजीरावांनी कॅनव्हासचे मऊ बूट घातले होते. तोंडात काही नव्हतं. फाटकापाशी अरुणाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाजीरावांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

जंगलात उन्हाचे कवडसे पडायला लागले होते. पळस भरात आला होता आणि पांगाऱ्याखाली लाल पाकळ्यांचा सडा होता. करकरीत वाळलेली सागाची पानं पायाखाली येऊ नयेत म्हणून बाजीराव वाटेच्या कडेकडेने, मातीवरून चालत होते आणि मुद्दामच सर्वांच्या मागे राहिले होते. लोक परीक्षेला कसे बसत असतील, ते त्यांना आज समजत होतं. त्यांना नर्तक बघायचा होता, हे तर खरंच, पण त्याहून जास्त त्यांना या माणसांबरोबर पुढच्या रविवारी यायचं होतं. ट्रकांचे नंबर वाचायला परत गॅलरीत जाऊन बसायचं, या विचारानेच त्यांना कसंतरी झालं.

ओढा आटत आला होता. एका कातळाखाली तेवढं परातभर पाणी उरलं होतं. मंडळी ओढा ओलांडून पुढे गेली आणि एका उंच झाडाखाली थांबली. वर कुठेतरी भृंगराज कोतवाल बोलत होता. तो मोठा नकल्या. दुसऱ्या पाखरांचे आवाज एकामागून एक काढत होता, आणि सगळे माना वर करून, डोळे मिटून त्याच्या नकला ऐकत होते. बाजीरावांना वाटलं, दमले असतील, श्वास घेतायत. वर बघावं असं त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं, म्हणून ते ओढ्याच्या अलीकडे उभे राहून पाण्याकडे बघत राहिले.

आणि पाण्यावरच्या वेलीवर तो येऊन बसला.

आधी बाजीरावांना वाटलं, कुणाचा तरी रुमाल उडून आला. मग त्या रुमालाला काळं डोकं दिसलं, तुरा दिसला, आणि वेलीखाली लोंबणाऱ्या त्या दोन लांबलचक पांढऱ्या फिती दिसल्या. त्याने मान वाकडी करून पाण्याकडे पाहिलं. वरून सूर मारला, पाण्याला छाती लावली, आणि फिती मागून ओढत परत वेलीवर. थेंब उडाले. पंख थरथरवून त्याने अंग झाडलं. मग पुन्हा सूर.

बाजीरावांचं तोंड उघडलं. त्यांनी ते हाताने बंद केलं.

डोळ्यांत पाणी उभं राहिलं. किती देखणं असावं एखाद्या जिवाने! आणि ते आपल्याला, फलाटावर ओरडून जन्म काढलेल्या माणसाला दिसावं! त्या क्षणी त्यांना दुसरं काही नको होतं. गप्प उभं राहिलं की झालं. पाखरू त्यांचं होतं, आणि पुढचा रविवारही त्यांचा होता.

पण ओढ्यापलीकडे बाकीचे पाठ करून उभे होते. वाशीहून, नेरूळहून पहाटे उठून आलेले. त्यांतल्या काहींनी हा पक्षी अजून एकदाही पाहिला नव्हता, आणि गेल्या रविवारी तो का दिसला नाही, हे बाजीरावांना चांगलं माहीत होतं. उन्हं चढत होती. आज ना उद्या तो निघून जाणार होता. गाडी लागली होती, आणि माणसं बाकावर बसून होती.

हे काही त्यांना सहन होईना.

बाजीरावांनी घशावर तळवा ठेवला. इंजिन बंद. वारा सोडला.

“आला.”

हाताला काही लागलं नाही. पलीकडे कुणी वळलं नाही. पाखराने वेलीवर बसून शांतपणे पाठ साफ केली.

आपला आवाज केवढा झाला, हे कळायला समोर आज रखमाबाई नव्हत्या. पण पाखरू होतं. बाजीरावांच्या एकदम ध्यानात आलं की याच्याइतकं नेमकं बोट वर करणारं दुसरं कुणी नाही. त्यांनी डोळे त्याच्यावर रोखले आणि वारा जरा वाढवला.

“आला हो.”

पाखराने मान वर केली. तुरा उभा राहिला. आता उडणार. आता सगळं संपणार. एक पान फिरत फिरत पाण्यावर पडलं. तुरा खाली बसला. त्याने पुन्हा सूर मारला.

म्हणजे एवढं चालतं. याच्या वर एक केस नको. बाजीरावांनी तेवढाच वारा धरला, त्यात शब्द नीट बसवले, आणि ओठ गोल करून ते ओढ्यापलीकडे सोडले.

“नर्तक आला हो. पाण्यावर.”

नंदकुमारची मान हलली. आपल्याला भास झाला असं त्याला आधी वाटलं, कारण तो आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता. तो वळला. बाजीराव घशाला हात लावून पुतळा होऊन उभे होते. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट पाण्याकडे होतं. नंदकुमारने पाण्याकडे पाहिलं आणि काही न बोलता अरुणाबाईंच्या कोपराला स्पर्श केला.

एकेक जण वळला. कुणी पाऊल टाकलं नाही, कुणी दुर्बीण सुद्धा उचलली नाही, कारण गरजच नव्हती. एका कोवळ्या कवडशात तो न्हात होता. फिती ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या त्याने चोचीतून ओढून सोडवल्या. पुन्हा पाण्यात गेला, पुन्हा वर आला. ओढ्याच्या या काठाला बाजीराव एकटे आणि त्या काठाला सगळी मंडळी, आणि मध्ये तो, कुणाशीच देणंघेणं नसलेला. अरुणाबाईंनी हा पक्षी कितीतरी वेळा पाहिला होता, पण इतक्या जवळून, इतका वेळ नाही. त्या मधूनच पाखराकडे आणि मधूनच बाजीरावांकडे बघत होत्या.

न्हाणं झाल्यावर त्याने शेवटचं अंग झाडलं. चोच उघडली, मिटली, आणि मग तो उडाला. कुणाच्या आवाजाने नव्हे, त्याला जायचं होतं म्हणून गेला. पांढऱ्या फिती झाडांमधून लहरत वर वर गेल्या आणि उन्हात मिसळल्या.

मग नंदकुमारने ओढा ओलांडला आणि बाजीरावांचा हात दोन्ही हातांनी धरून जोरजोरात हलवला. बाकीची माणसंही आली. नेरूळच्या एक वयस्क बाई नुसत्याच हसत होत्या आणि चष्मा पुसत होत्या. अरुणाबाई शेवटी आल्या.

“काका,” त्या हळूच म्हणाल्या, “पुढच्या रविवारी तुम्ही पुढे चालायचं. सगळ्यांच्या पुढे.”

बाजीरावांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. त्यांना ते कळलं. त्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. काहीतरी बोलावंसं वाटलं, पण आधी त्यांना एक विचारायचं होतं. त्यांनी घशावर हात ठेवला.

“बाई, जाताना त्यानं चोच उगडली. वरडला का वो?”

“हो, ओरडला की,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी बाजीरावांच्या घशावरच्या हाताकडे पाहिलं. “अगदी मोठ्यांदा ओरडला, काका. तुम्हाला नाही ऐकू आलं?”

आता यातून सुटायला बाजीरावांकडे फलाटावरच्या पुष्कळ जुन्या सबबी होत्या. गाडीचा आवाज होता, लक्ष नव्हतं, वारं होतं. त्यांनी त्यातली एकही काढली नाही.

“पाखरांचं मला ऐकू येत न्हाई,” ते म्हणाले. “कुटल्याच न्हाई. लई वरसं झाली. मानसांचं येतं, थोडं थोडं.”

नंदकुमारचं भिंतीला भिंत लागून घर, आणि त्याला हे माहीत नव्हतं. तिन्ही रविवार ही माणसं थांबून थांबून ऐकत होती, आणि मागे उभा असलेला हा माणूस काहीही ऐकू येत नसताना त्यांच्याबरोबर थांबत होता.

“कसा वरडला त्यो?” बाजीरावांनी विचारलं. “तेवडं सांगा. म्हंजे बगून पुरं झालं, आसं व्हईल.”

अरुणाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्या बाजीरावांच्या अगदी जवळ गेल्या, त्यांच्या कानाशी दोन्ही हातांचा कर्णा केला, आणि कर्नाळ्याच्या त्या शांत जंगलात, जिथे त्यांनी आजवर कुणाला शिंकूही दिलं नव्हतं, तिथे छातीत होता तेवढा दम लावून त्या ओरडल्या.

“च्रेऽऽच! च्रे-च्रेऽऽच!”

जुना दरवाजा करकरावा तसा तो आवाज होता. आसपासचे बुलबुल उडाले, भृंगराज उडाला, वरची सगळी फांदीच्या फांदी मोकळी झाली. कुणीही वर पाहिलं नाही. सगळे बाजीरावांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

बाजीरावांचे डोळे विस्फारले.

“ह्यो आवाज? त्याचा?”

“त्याचाच,” बाई म्हणाल्या.

“इतकं देखनं पाखरू, आन् आवाज ह्यो?” बाजीरावांचं सगळं अंग हसायला लागलं आणि घशावरचा हात आपोआप खाली आला. “म्हंजे आमच्यातलाच हाय की वो!”

त्यांच्या हसण्याने डोंगर दणाणला, आणि बाकीची मंडळीही हसली, बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर बाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, कान पुढे केला आणि डोळे मिटले.

“पुन्ना एकदा काढा, बाई,” ते म्हणाले.

अरुणाबाईंनी हातांचा कर्णा केला, दम घेतला आणि मघापेक्षा मोठ्यांदा ओरडल्या.